रबर जळल्याचा वास

माळवाडीच्या फाट्यावर इलाही मिस्त्रींचं गॅरेज होतं. एका सकाळी साखर कारखान्याचे चेअरमन यशवंतअप्पा स्वतः गाडी हाकत तिथे आले. शेजारी ड्रायव्हर तुळशीदास मान खाली घालून बसला होता.

"रबर जळल्याचा वास येतोय," अप्पा गरजले. "यानं गाडीची निगा राखली नाही. तसं लिहून द्या, आजच याला घरी बसवतो!"

मिस्त्रींनी चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. पुढची कोमट होती, मागची मात्र तव्यासारखी तापली होती. त्यांनी आत डोकावलं. हँडब्रेक अर्धवट ओढलेला होता. तो सोडायचं विसरूनच अप्पांनी गाडी आणली होती. पण हे त्यांच्या तोंडावर म्हणायचं कोणी?

"अप्पा, गाडीला काही झालेलं नाही," हँडब्रेक खाली करत मिस्त्री शांतपणे म्हणाले. "पाय तिला 'चल' म्हणत होता आणि हात 'थांब' म्हणत होता. बिचारीनं दोन्ही हुकूम पाळले, म्हणून जळत होती. आता हुकूम देणाऱ्याचं नाव सांगा, लगेच लिहून देतो."

अप्पांनी खाली उतरून किल्ली तुळशीदासच्या हातात दिली आणि मुकाट्यानं मागच्या सीटवर जाऊन बसले.