रंगाऱ्यांच्या आळीचा न्याय

गोदावरीच्या काठी पोतली नावाचे नगर होते. तेथे दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने अमात्याच्या कुळात जन्म घेतला होता, आणि नगराचा न्यायनिवाडा तोच करीत असे.

एके सकाळी रंगाऱ्यांच्या आळीतली माणसे एका बाईला फरफटत राजसभेत घेऊन आली. तिचे नाव चंपिका. नवरा वारलेला, पदरात तीन वर्षांची मुलगी. आळीचा मुखिया सोनक पुढे होऊन म्हणाला, "महाराज, ही आई नव्हे, कैदाशीण आहे! पोरीच्या पायाला दोरी बांधून खांबाला जखडते. पाय सडलाय पोरीचा."

राजा संतापला. "हिला हद्दपार करा."

चंपिकेने मान वर केली नाही. बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, आधी मला ती मुलगी पाहू द्या."

चंपिकेला बरोबर घेऊन तो आळीत गेला; सोनक आणि बाकीची माणसेही मागोमाग आली. मुलगी अजून खांबालाच होती. आईला पकडून नेताना पोरीची दोरी सोडायचे कोणालाही सुचले नव्हते.

बोधिसत्त्वाने स्वतः गाठ सोडली. कोमट पाण्याने जखम धुतली. पोर रडली नाही. रडून कोणी येत नाही, हे ती शिकली होती. बोधिसत्त्वाने चंपिकेकडे पाहिले.

"हे का केलेस, बाई?"

"दिवसभर उकळत्या रंगाच्या हंड्यांपाशी उभी असते मी. गेल्या साली शेजारची पोर हंड्यात पडून गेली. हिला कोणाकडे ठेवू? दारोदार विचारलं. 'आमचीच आम्हाला जड झालीत' शेजारणी म्हणाल्या. दोरी काचत होती, दिसत होतं मला. तरी बांधत राहिले."

बोधिसत्त्व सोनकाकडे वळला. "या पोरीचे रडणे तुझ्या घरात ऐकू येत होते?"

"येत होतं की! दोन महिने डोकं उठलं होतं."

"मग?"

"दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसायचं?"

"आणि आज आईला फरफटत न्यायला बरे वीसजण जमलात! एकजण जरी या उंबऱ्याशी येऊन 'पोर माझ्याकडे दे' म्हणाला असता, तर हा पाय धड राहिला असता!"

सभेत परतून तो राजाला म्हणाला, "दोरी चंपिकेने बांधली, तो तिचा अपराध. जखम चिघळताना आळी ऐकत बसली, तो आळीचा. आणि एकट्या बाईने पोर कोठे ठेवून पोट भरावे, याचा विचार ज्याने कधी केला नाही, त्या राजाचा अपराध कोण मोजणार? हद्दपार करायचे तर सर्वांना करा. नाहीतर माझी अमात्यपदाची मुद्रा परत घ्या."

राजाचा चेहरा रागाने लाल झाला, पण मग मान खाली घालून त्याने हद्दपारीची आज्ञा मागे घेतली.

पुढच्याच पंधरवड्यात आळीत पोरांसाठी मांडव उभा राहिला. राजाच्या कोठारातून धान्य येऊ लागले, आणि आळीतल्या म्हाताऱ्या पाळीपाळीने पोरे सांभाळू लागल्या. मुलगी आईजवळच राहिली. एक शेजारीण रोज दोघींची विचारपूस करी. मुलगी पुढे चालू लागली, पण लंगडत. ते मात्र कोणाला भरून देता आले नाही.

विहारात जमलेल्या उपासकांना ही कथा सांगून झाल्यावर शास्ते, म्हणजे भगवान, म्हणाले, "त्या जन्मीचा राजा आज या विहाराला अन्नदान करणारा गृहपती आहे. चंपिका आणि तिची लेक भिक्षुणीसंघात आहेत. अमात्य मीच होतो."

"आणि ती आळी, भन्ते?" एका उपासकाने विचारले.

शास्त्यांनी समोर बसलेल्या साऱ्यांवरून नजर फिरवली.

"ती आळी तुम्ही होता. शेजारचे मूल रडले की उठून जा. मैत्रीपारमिता, म्हणजे परिपूर्ण मैत्री, म्हणतात ती हीच."