निळीचा घडा

“...आणि समजा, सरदार मला हसलेच, तर?”

मोरोंकेने पुन्हा तेच विचारलं.

म्हातारी इयालोदे अशाबी झाडाखाली पाय पसरून बसली होती. कोलाची कडू बी चघळत होती.

“हसू देत की. दात तरी दिसतील. निम्म्यांना उरलेच नाहीत.”

पलीकडे ओट्याजवळ निळीत कापड बुडवणाऱ्या बायका खुदखुदल्या.

योरुबा लोकांच्या ओके-ओसान नगरात इयालोदे म्हणजे सगळ्या बायकांची प्रमुख. तिच्या शब्दावर बाजार उघडे, तिच्याच शब्दावर बंद होई. राजाच्या मसलतीत, सरदारांच्या रांगेत, बाईमाणसाचं एकच आसन होतं, आणि ते तिचं.

अशाबी आता थकली होती. गळ्यातली पोवळ्यांची माळ उद्या भर मसलतीत ती दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालणार होती. कुणाच्या, ते तिने अजून सांगितलं नव्हतं.

मोरोंकेला ती माळ हवी होती. म्हणून तर ती सकाळीच आली होती, कोरं पांढरं वस्त्र नेसून. आणि एकटी. आपल्याला सोबत कुणी लागत नाही, हे म्हातारीला दिसावं म्हणून.

“इया,” ती म्हणाली. तिकडे आईला इया म्हणतात, आणि अशाबीला सगळं नगरच इया म्हणे. “माझ्यात काय कमी आहे, ते तरी सांगा. लढाई झाली, मी माणसं पाठवली. बंदुकीची दारू पाठवली. आजवर कुणाची मदत मागितली नाही.”

“खरंय.”

“मी तुमच्याकडे बघूनच शिकले. तुम्ही नेसता ना, ते खांद्यावर फिकट निळी नक्षी असलेलं वस्त्र, तसं मीसुद्धा करून घेतलंय. नगरात निम्म्या पोरी तसंच नेसतात.”

“हो का?” अशाबीने स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं. “छान दिसतं?”

“फार. आणि... तुमची लेक गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही मसलतीत येऊन बसलात. मान ताठ. डोळ्यांत टिपूस नाही. लोक अजून सांगतात. मला तसं व्हायचंय, इया.”

अशाबीचं चघळणं थांबलं.

...

“तो घडा इकडे घेऊन ये,” ती म्हणाली.

ओट्याच्या कडेला मुरलेल्या निळीचा घडा होता. काठोकाठ भरलेला. ओटा खांद्याइतका उंच. मोरोंकेने डोक्यावर चुंबळ ठेवली.

कोपरापर्यंत हात निळे झालेली एक प्रौढ बाई लगबगीने पुढे आली.

“थांबा, मी धरते.”

“हात काढ. डाग पडतील. मला येतं.”

बाई मागे सरली.

मोरोंकेने गुडघे वाकवले, घडा ओट्यावरून डोक्यावर ओढून घेतला आणि उभी राहिली. एक थेंब सांडला नाही. हात सोडून ती चालत आली. बायका काम थांबवून बघत राहिल्या. बघण्यासारखंच होतं ते.

“आणला, इया. कुठे ठेवू?”

“वाटेल तिथे.”

झाडाखाली सपाट जमीन होती. मोरोंके वाकू लागली. घडा कलला. निळा थेंब नाकाच्या शेंड्यावर आला. ती चटकन ताठ झाली.

“काय झालं?”

“काही नाही.”

“मग ठेव ना.”

“ठेवते.”

...

“ऊन काय छान पडलंय,” अशाबी म्हणाली. “तुझी धाकटी जाऊ बाळंत झाली म्हणे. काय झालं?”

“मुलगी. इया, हा घडा...”

“नाव काय ठेवलं?”

“अजून नाही ठेवलं. इया...”

“कुणाच्या वळणावर गेलीय?”

मोरोंके वळली आणि सावकाश ओट्याकडे परत निघाली. उंचावरून घेतला, उंचावरच ठेवावा. पण त्या जागी दुसरा घडा बसला होता.

“जागा रिकामी दिसली,” एक बाई निरागसपणे म्हणाली. “ठेवला.”

मोरोंके पुन्हा झाडाखाली आली. तिची मान थरथरू लागली होती.

“तुम्ही कुणाला तरी सांगा ना, इया.”

“मी? घडा तुझ्या डोक्यावर आहे, पोरी.”

...

“अगं ए!” मोरोंकेने ओट्याकडे पाहून हाक मारली.

कुणी मान वर केली नाही.

“ती निळ्या हातांची!”

“आम्ही सगळ्याच निळ्या हातांच्या,” ओट्याजवळून उत्तर आलं. मग हशा.

“मघाशी पुढे आलेली... तू! तुझं... तुझं नाव काय गं?”

ती बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“तुमची सगळी वस्त्रं मीच रंगवते, बरं का. हे पांढरं सोडून. नाव मात्र आज विचारलंत.” तिने जरा वेळ घेतला. “इबिदुन.”

“इबिदुनबाई...” मोरोंकेचा आवाज खाली आला. “जरा हात लाव. मला हा एकटीला उतरवता येत नाही.”

“एकटीला कुणालाच येत नाही,” म्हणत इबिदुन आली. दोघींनी मिळून घडा धरला, दोघी मिळून वाकल्या. टेकताना निळीला हिसका बसला आणि पांढऱ्या वस्त्रावर खांद्यापासून कमरेपर्यंत निळा ओघळ उतरला.

बायकांचे हात निळीतच थांबले.

मोरोंकेने वस्त्राकडे पाहिलं. इबिदुनकडे पाहिलं. नाकाचा शेंडा पुसायला गेली, तर सगळं नाकच निळं झालं.

पहिली ती स्वतःच हसली. मग सगळं अंगण.

हसता हसता ती खाली, अशाबीच्या अगदी शेजारी बसली. इतक्या जवळ ती कधी बसली नव्हती. तिची नजर म्हातारीच्या खांद्यावर गेली आणि तिथेच राहिली.

ती नक्षी नव्हती. धुऊन धुऊन फिकट झालेले निळ्या बोटांचे ठसे होते. पाची बोटं. दुसऱ्या खांद्यावरही तशीच.

“इया,” ती हळूच म्हणाली, “लेक गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मसलतीतून उठल्यावर... तुम्ही कुठे गेलात?”

अशाबीने माळेतलं एक पोवळं बोटांत फिरवलं. इबिदुन घड्याचा काठ पुसत होती. तीच म्हणाली,

“इथेच आल्या. याच झाडाखाली रड...”

अशाबी खाकरली. इबिदुन थांबली. मग घडा सोडून उठली आणि जाता जाता म्हातारीच्या खांद्यावर हात टेकून गेली.

...



मोरोंकेने आपलं वस्त्र चिमटीत धरून पाहिलं.

“हे काही निघायचं नाही आता. उद्या मसलतीत काय नेसून येऊ मी?”

अशाबीने गळ्यातली माळ जरा सैल केली. कोलाची दुसरी बी तोंडात टाकली.

“हेच,” ती म्हणाली. “पोवळं निळ्यावर खुलतं.”