बिनदाराची टिटवी

एका जंगलाच्या कडेला, जिथे झाडे संपून खडकाळ माळ सुरू होतो, तिथे एक टिटवी राहत असे. राहत असे म्हणजे काय, तर चार खडे बाजूला सारून उघड्या जमिनीवर अंडी उबवत बसलेली असे. टिटव्या झाडावर घरटे बांधत नाहीत, मुलांनो. तिच्या जोडीदाराला ससाण्याने नेले होते, त्यामुळे चार अंड्यांना ही एकटीच. त्या वर्षी थंडी अशी पडली, की ती जरा उठली तरी अंडी गार पडत. तीन दिवस बिचारी उपाशी बसून होती.

त्या जंगलात गरम पाण्याचे एक कुंड होते. जंगलाचा मुखिया हत्ती. त्याने चांगल्या मनाने ठरवले, की कुंडातले तापलेले दगड रोज सकाळी घरोघरी पोचवायचे. वाटपाचे काम बगळ्याकडे दिले. माकडे दगड वाहत आणि बगळा पुढे चाले. नियम सोपा होता : दार वाजवायचे, आतून "कोण?" असे आले की एक दगड ठेवायचा. अस्वलाच्या गुहेला दोन दारे, म्हणून त्याला दोन दगड. टिटवीसमोरून मात्र बगळा रोज सरळ निघून जाई.

"बगळेदादा, मलाही एक दगड द्या हो," तिने शेवटी हाक मारली.

"दार कुठं आहे तुझं?"

"दार नाही. अंडी आहेत."

"मग वाजवू काय, अंडी? नियमात बसत नाही बाई, मी तरी काय करू?"

शेजारच्या बाभळीवर एक साळुंकी राही. तिचे लक्ष सगळ्यांच्या घरात. ती तुरुतुरु आली. "काय गं, तीन दिवसांपासून जागची हलली नाहीस. खाल्लंस का काही?"

टिटवीने नाही म्हणून मान हलवली. "दार नाही म्हणून दगड नाही म्हणतात."

"दारच हवंय ना त्या लांबमान्याला? थांब, देते त्याला दार!" साळुंकीने बाभळीची सुटलेली साल ओढत आणली आणि दोन खड्यांच्या आधाराने टिटवीपुढे उभी केली. मागे भिंत नाही, वर छप्पर नाही, नुसते दार!

दुसऱ्या दिवशी बगळा खूश झाला. "वा! असं रीतसर असावं." त्याने चोचीने टकटक केले.

"कोण?" टिटवी कापऱ्या आवाजात म्हणाली.

बगळा दगड मागवणार, तोच वारा आला आणि दार धाडकन आडवे झाले. पलीकडे टिटवी पंख पसरून बसली होती. पिसे दवाने भिजलेली, चोच थरथरणारी.

"अगं, तू अशी उघड्यावर?"

"इथंच तर होते, दादा. तुम्ही दार बघत होतात."

"आता तरी डोळे उघडले म्हणायचे!" साळुंकी बाभळीवरून म्हणाली.

बगळ्याने स्वतःच्या चोचीने दगड ढकलत अंड्यांजवळ नेला आणि वाऱ्याच्या बाजूला पंख उघडून उभा राहिला. ऊन चढल्यावर तो हत्तीकडे गेला. "मुखियाजी, चूक झाली. ज्यांना आधीच आडोसा आहे, त्यांनाच मी ऊब वाटत फिरलो."

हत्ती म्हणाला, "नियम मीच केला होता. उद्यापासून उघड्यावरून सुरुवात कर. गुहा शेवटी."

तिकडे माळावर टिटवी हळूच उठली. चार दिवसांत पहिल्यांदाच ओढ्यावर गेली, पोटभर किडे खाल्ले, पाणी प्याली आणि धावतच परतली. पाहते तो अंडी कोमट होती.

तात्पर्य : घरोघरी मदत पोचवणाऱ्याने, ज्याला घर नाही त्याच्याकडे सगळ्यांत आधी जावे.