दोन चितांची एक राख

पूर्वी नदीकाठच्या शोणनगरात महीधर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व श्मशानाच्या कारभाऱ्याच्या कुळात जन्मले होते. चिता कशी रचावी, दोन चितांमध्ये किती अंतर सोडावं, राख निवण्याआधी तिला हात का लावू नये, हे ते नव्या माणसांना शिकवीत. प्रत्येक चितेच्या उशाशी एक खुणेचा दगड असे. घरची माणसं येऊन राख सावडून जाईपर्यंत तो कोणी हलवायचा नाही, हे तर ते घसा सुकेपर्यंत सांगत.

त्यांचा एक शिष्य होता कुंडक. हात चलाख, लक्ष नेहमी दुसरीकडे. बोधिसत्त्व लाकडं आणायला पलीकडच्या गावी गेले असताना शेजारी शेजारी दोन चिता जळून निवल्या होत्या. एक वासुला कुंभारणीच्या एकुलत्या एका मुलाची, दुसरी धर्मशाळेत मेलेल्या बेवारशी वाटसरूची. कुंडकाला जत्रा गाठायची होती. त्यानं दोन्ही दगड उचलून फेकले, फावड्यानं सगळी राख एका ढिगात ओढली आणि जागा झाडून मोकळा झाला. अहो, काय म्हणावं या माणसाला! शेवटचं एवढं एक काम विश्वासानं सोपवावं, तर त्याची ही तऱ्हा!

बोधिसत्त्वांनी परत येऊन विचारलं, "दगड कुठे आहेत?"

"टाकले तिकडे," कुंडक म्हणाला. "आचार्य, राख ती राख. वासुलाबाई सकाळी येतील तेव्हा मूठभर हाडं घालून देऊ. त्यांना काय कळणार आहे?"

बोधिसत्त्वांच्या अंगाचा तिळपापड झाला. उगारलेला हात त्यांनी आवरला, पण आवाज आवरला नाही. "तिला कळणार नाही, म्हणून तर तिनं आपल्यावर सोपवलं, गाढवा!"

मग त्यांच्याही मनात आलं, की गप्प राहिलं तर बिचारी निदान शांत मनानं घरी जाईल. आपलं नावही राहील. या विचाराचा त्यांना कुंडकाच्या करणीपेक्षा जास्त राग आला.

सकाळी वासुला आली. अस्थींसाठी मडकं तिनं स्वतः घडवून भाजलं होतं. तिनं काही विचारायच्या आतच बोधिसत्त्व पुढे झाले. "बाई, तुमच्या मुलाची राख दुसऱ्याच्या राखेत मिसळली. माझ्या माणसाची चूक, म्हणजे माझी. आता ती वेगळी करता येणार नाही."

वासुला ढिगापाशी गेली. मग तिनं त्या ढिगातली ओंजळभर राख उचलून त्यांच्या तोंडावर फेकली. "मेल्या! माझं लेकरू तुझ्या हाती दिलं होतं रे! तुझे हात झडोत!"

बोधिसत्त्वांनी तोंड पुसलं नाही. कुंडक पुटपुटला, "बाई, दुसऱ्या कोणी हे सांगितलंसुद्धा नसतं."

"तू थोबाड बंद ठेव!" ती कडाडली. मग बोधिसत्त्वांकडे वळली. "दुसरा कोणाचा?"

"कोणाचाच नाही. त्याला न्यायला कोणी येणार नाही."

वासुला खाली बसली आणि मडकं भरू लागली. बोधिसत्त्व मदतीला वाकले तसा तिनं त्यांचा हात झिडकारला. "दोघांनाही नेते मी. तुमच्या हवाली एकालाही ठेवणार नाही."

त्यानंतर ती बाजारात दिसली तरी त्यांच्याकडे पाठ फिरवी. तिनं त्यांना कधीच क्षमा केली नाही. बऱ्याच वर्षांनी ती अंथरुणाला खिळली, तेव्हा शेजारणींनी विचारलं, मेल्यावरचं सगळं कोणाला करायला सांगायचं?

"त्या मेल्यालाच बोलवा," वासुला म्हणाली. "तो खोटं बोलत नाही."

बोधिसत्त्वांनी तिची चिता रचली. उशाशी दगड कुंडकानं ठेवला, आणि राख निवेपर्यंत तो तिथून उठला नाही.

ही कथा संपवून शास्ते भगवान जमलेल्या भिक्षूंना म्हणाले, "भिक्षूंनो, काल वृद्ध भिक्षूची चिता अर्धवट जळत टाकून भिक्षेला निघून गेलेला हा उत्तरक, तोच तेव्हा कुंडक होता. त्याला सर्वांदेखत फैलावर घेणारी भिक्षुणी सोमा ती वासुला. आणि श्मशानाचा कारभारी मीच होतो."

उत्तरक उठला आणि श्मशानाकडे चालू लागला. कोणाला कळणार नाही तिथेही पाळायची, ती ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.