मावळतीचा पडदा

एक वृद्ध चित्रकार नाटक मंडळ्यांना पडदे रंगवून देत असत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता, वय वर्षे बेचाळीस. शिवणकाम सोडून त्याने कुंचला धरला होता. त्याची बायको म्हणायची, “रंगच लावायचे तर डोक्याला लावा, केस पिकलेत.”

त्याने पहिला स्वतंत्र पडदा रंगवला तो सूर्यास्ताचा, निरोपाच्या प्रवेशासाठी. मंडळीने नेमका तो पहाटेच्या प्रवेशाला टांगला. प्रेक्षकांत बसलेला शिष्य कानापर्यंत तापला. आपल्याला मावळती जमलीच नाही, म्हणून कुणाला ओळखू आली नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पिशवी भरूनच निरोप घ्यायला आला.

“गुरुजी, मावळतीला लागलेल्या माणसाने शिकायला यायलाच नको होतं.”

कुंचले धुवायच्या तीन काचेच्या बरण्यांत गुरुजींनी स्वच्छ पाणी भरलं आणि चहाच्या दुधातले चार-चार थेंब प्रत्येकीत टाकले. म्हातारपणी डोकं फिरलं की काय, असं शिष्याला वाटून गेलं. गुरुजींनी एका बरणीमागे बॅटरी लावली. उजेड पांढराच दिसला. मग तिन्ही बरण्या एकामागे एक मांडल्या. आता पलीकडचा उजेड तांबूस झाला, अगदी खिडकीबाहेरच्या सूर्यासारखा.

“बॅटरी दमली का रे?”

“नाही. बॅटरी तीच आहे. मधे बरण्या वाढल्या.”

“सूर्याचंही तसंच आहे. दुपारी तो डोक्यावर असतो, तेव्हा त्याच्या उजेडाला हवेतली वाट थोडी. सकाळ-संध्याकाळ तो तिरपा येतो, वाट कितीतरी लांबते. त्या वाटेत निळा रंग इकडेतिकडे विखरून जातो, तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. म्हणून उगवती आणि मावळती दिसायला सारखी. तुझा पडदा पहाटेला शोभला, कारण आकाश तू खरं रंगवलंस. आणि तू बेचाळिसाव्या वर्षी आलास म्हणजे लांबच्या वाटेने आलास, इतकंच. तेवढ्यावरून तू मावळतोयस, हे कुणी ठरवलं?”

शिष्याने पिशवी खुंटीला अडकवली, दुधाळ पाणी अंगणातल्या झाडाला घातलं आणि नवं कापड ताणायला बसला.

“या खेपेला कुठली वेळ रंगवणार?” गुरुजींनी विचारलं.

“आकाश मी रंगवतो, गुरुजी. वेळ मंडळी ठरवतील.”