चेअरमनच्या म्हशीचं दूध

वडजलच्या डेअरीत रेहाना मुलाणी दूध तपासायची. जनावराला टोचलेल्या औषधाचा अंश दुधात उतरला असेल, तर तिच्या हातातलं छोटं विजेचं यंत्र लगेच खूण दाखवी. एका सकाळी खुद्द चेअरमन दादासाहेब खुटवडांच्या कॅनला खूण आली. रेहानाने तो कॅन बाजूला ठेवला.

दादासाहेब गरजले, "माझ्या म्हशीला सुई लागलेली नाही! तुझं मशीन खोटं आहे. उद्यापासून तूही येऊ नकोस."

रेहाना शांतपणे म्हणाली, "असेलही खोटं. महिनाभर रोज इंजेक्शन चालू आहे, असं म्हणतंय."

"साफ खोटं!" दादासाहेब उसळले. "परवा एकदाच दिलंय!"

"मशीनचंही तेवढंच म्हणणं होतं, दादासाहेब."

रांगेतली माणसं खो-खो हसली. दादासाहेबांनी स्वतःच कॅन मोरीत उपडा केला.