पहाटेचा पट

एका राज्यात पहाट विणली जात असे. आपल्याकडे ती आपोआप उगवते, म्हणून आपण तिच्या वेळी घोरत पडतो. तिथे मात्र वीस विणकर वर्षभर खपून एक लांबरुंद पट विणत. वर्ष सरले की तो पूर्वेच्या वेशीवर चढवीत, आणि पुढचे वर्षभर सूर्य त्या पटातून गाळून उगवे. पटात केशरी असेल तर पहाट केशरी, जांभळे असेल तर जांभळी. तिथल्या लोकांना याचे नवल वाटत नसे.

विणकर बसत पटाच्या मागे. त्यांना नुसत्या गाठी दिसत. पटाच्या पुढच्या बाजूवर झिरझिरीत पडदा, पडद्यासमोर पूर्वेची खिडकी, आणि खिडकीत उंच आसनावर पटाधिकारी सोमदत्त. त्याला पडद्यातून सगळे दिसे, पण काम चालू असताना त्याने विणकरांशी आणि विणकरांनी त्याच्याशी बोलायचे नाही अशी रीत होती. अपुऱ्या कामाला नावाजले तर दृष्ट लागते, नावे ठेवली तर अपशकुन होतो, असे वाडवडील सांगून गेले होते. वाडवडिलांना विणता येत होते की नाही, हे कोणी विचारले नाही. वर्षाच्या शेवटच्या दिवशी पडदा उघडायचा आणि राजा धवलकेतूसमोर एकेकाचे गुणदोष वाचायचे. कोणाच्या हातात सोन्याचे कडे येई, कोणाची मान खाली जाई.

एका वर्षी खिडकीसमोरच्या पहिल्या जागेवर तुंगा नावाची विणकरीण होती. सोमदत्ताने भर दरबारात वाचले, "तुंगेने केशरीच्या जागी तांबडा धागा घातला. पटाला डाग लागला."

तुंगेने विचारले, "आपण तो कधी पाहिलात?"

"चैत्रात."

"आज फाल्गुन सरतोय. अकरा महिने मी त्याच चुकीवर पुढची वीण चढवत होते, आणि आपण समोर बसून पाहत होतात?"

"रीत आहे," सोमदत्त म्हणाला.

तुंगेच्या आजीला मंत्रविद्या येत होती, हे कोणाच्या ध्यानात नव्हते. तुंगा म्हणाली, "ज्यांच्या कामाकडे पाहून कोणी बोलत नाही, त्यांनी जागं तरी कशाला राहावं? झोपा सगळे. बारा वर्षांत कोणी जागं केलं नाही, तर दगड व्हा." आणि ती धुक्यात निघून गेली. बिचाऱ्या विणकरांचा यात काय दोष? पण रागावलेला माणूस नेम धरत नाही.

त्या दिवसापासून विणकर उघड्या डोळ्यांनी झोपले. हात चालत, पण मन नसे. पट दरवर्षी फिका होऊ लागला, पहाट राखेसारखी उगवू लागली, तीही उशिरा. राजाने उपाय केले. मऊ गाद्या दिल्या, दुपारी साखरभात दिला, सनईवाले आणून बसवले. विणकर गादीवर बसून, भात खाऊन, सनई ऐकत झोपेतच विणत राहिले. वर्षाअखेर वाचलेले गुणदोषही त्यांनी झोपेतच ऐकले.

सोमदत्ताची बायको रेवा त्या विणकरांतच होती. तुंगा गेल्यावर ती झोपेतच सरकून पहिल्या जागी बसली. पूर्वी घरी ती फार बोले. मुंडासे वाकडे आहे, घास नीट चावा, असे दिवसभर चाले, आणि सोमदत्त कंटाळे. आता ती मुकाट ताट वाढी आणि त्याच्याकडे पाहतही नसे. त्या बोलण्यासाठी सोमदत्ताचा जीव तुटू लागला. बाराव्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात त्याने तिचा हात हातात घेतला, तर करंगळी थंडगार आणि टणक लागली. करंगळी दगडाची झाली होती.

पटशाळेच्या आढ्यावर एक साळुंकी राहत असे. ती म्हणाली, "रडून काय होणार? तुंगा कुठे आहे ते मी जाणते. चल."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"बारा वर्षं सांगतेय. तू आजच वर पाहिलंस."

तो साळुंकीमागे चालत गेला. सात दिवसांनी धुक्यातले सरोवर लागले. काठावर तुंगा सूत कातत होती, आणि तिच्या चातीवर धुक्याचाच धागा होत होता. ती म्हणाली, "तीन कामं कर. मग बोलू."

पहिले काम असे, की डोळे बांधून कमळाच्या पानांवरून सरोवर पार करायचे. सोमदत्ताने साळुंकीला सांगितले, "पलीकडे पोचल्यावर माझं काय चुकलं ते सांग." तिसऱ्याच पानावर तो पाण्यात पडला. पुन्हा निघाला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा नाकातोंडातले पाणी काढत म्हणाला, "बाई गं, पावलापावलाला सांग." साळुंकी सांगत गेली, "डावीकडे. आता हलका पाय. हे छान पडलं. आता थांब." तो कोरड्या पायांनी पार झाला.

पलीकडे चारदोन पाने उरलेला एक बोडका वृक्ष उभा होता. खऱ्या शब्दाने त्याला फुलवायचे, हे दुसरे काम. सोमदत्त म्हणाला, "वृक्षराज, आपण थोर आहात." उरलेल्या पानांतले एक गळले. "आपल्यासारखे आपणच." आणखी एक गळले. मग तो गप्प बसून दिवसभर झाडाकडे पाहत राहिला. संध्याकाळी म्हणाला, "तुझी उत्तरेची फांदी वेलीने आवळली आहे, ती मी सोडवतो. आणि बुंध्यापाशी एक कोंब आलाय, तो सकाळी नव्हता." वृक्ष आपादमस्तक फुलला.

तिसरे काम विहिरीपाशी. ती वाकून पाहणाऱ्याचे दोष सांगे, आणि ते मधे न बोलता ऐकायचे होते. विहीर म्हणाली, "तुंगेची चूक दिसली तेव्हा तू सुखावलास, कारण वाचायला काहीतरी सापडलं."

"पण रीत—"

विहिरीने पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. असे दोनदा झाले. तिसऱ्यांदा सोमदत्ताने ओठ दाबून धरले. डोळ्यांतले पाणी विहिरीत पडत राहिले, पण तो बोलला नाही. शेवटी विहीर म्हणाली, "एक दोष उरला. तो मी सांगणार नाही. सांगणारी तुझ्या घरी आहे."

तुंगा म्हणाली, "शाप माझा, पण त्याची गाठ तुझ्या पडद्याला आहे. जा."

तो परतला तेव्हा वर्षाचा शेवटचा दिवस उगवला होता. विणकर कोपरापर्यंत दगड झाले होते, तरी बोटांत धागे होते. सोमदत्ताने सुरी काढून पडदा वरपासून खालपर्यंत फाडला.

राजा घाबरून म्हणाला, "पट अपुरा आहे! दृष्ट लागेल."

"महाराज, संध्याकाळपर्यंत ही माणसं दगड होतील. आता दृष्टीला कोण भितं?"

सवयीने तो खिडकीतल्या आसनावर बसला आणि पटाकडे पाहून म्हणाला, "रेवा, तुझ्या उजव्या हाताखालची तिसरी ओळ सैल आहे. आणि तिच्यावरचा गुलाबी इतका सुरेख उतरलाय, की माझी नजर हलत नाही."

रेवेच्या कोपरातला दगड तडकला. बोटे हलली. तिने मान वर केली आणि बारा वर्षांनी त्याच्याकडे पाहिले.

"सैल आहे होय? मग आत्ता सांगताय?" ती म्हणाली. "आणि हा धागा केशरी की तांबडा, ते मला इथून कळत नाही."

"का?"

"खिडकी अडवून बसलाय ना तुम्ही! तुमची सावली नेमकी माझ्या हातावर पडते. जरा सरका की."

सोमदत्ताला एकदम उमगले. याच जागी तुंगा बसत होती. याच सावलीत तिने केशरी समजून तांबडा धागा उचलला होता. चूक वाचणारा तोच होता आणि अंधार करणाराही तोच. तुंगाही कधी त्याला सरका म्हणाली नव्हती, कारण तिनेही रीत पाळली होती. लाजेने त्याचीच मान खाली गेली, आणि तो आसनावरून उतरला.

तो बाजूला झाला. ऊन रेवेच्या हातावर पडले, तिथून पुढच्या हातांवर पसरले. सोमदत्त एकेकाचे नाव घेऊन, जे दिसे ते सांगत गेला, आणि विणकर एकेक जागे होत गेले. जागे होताच तेही बोलू लागले. गाद्या फार मऊ आहेत, पाठ दुखते. सनईने मोजणी चुकते. साखरभात मात्र राहू द्या. राजा ऐकत राहिला आणि मान हलवत राहिला.

सोमदत्त साळुंकीला म्हणाला, "तुंगेला सांग, चूक तिची नव्हती, सावली माझी होती. आत्ता जा. फाल्गुनाची वाट पाहू नकोस."

जाग्या हातांनी रातोरात पट पुरा केला, आणि त्याचे फिके रंगही उजळले. दुसऱ्या दिवशी वेशीवर पट चढला आणि बारा वर्षांनी पहाट वेळेवर उगवली. लख्ख केशरी, आणि मधोमध एक तांबडी रेघ. ती रेवेने मुद्दाम घातली होती. धुक्याच्या काठावरून तुंगेने ती पाहिली आणि चाती उचलून घरी यायला निघाली.

ते आसन अजून पटशाळेत आहे, पण खिडकीपासून चार हात दूर. अशी ही पहाटेची गोष्ट सांगणाऱ्याने वेळेवर सांगितली, ऐकणाऱ्याने वेळेवर ऐकली.